लामेकच्या सायकलची चेन

गिअरची सायकल समोर आली की बिझविकचे हात शिवशिवायला लागायचे. परदेशात वापरून झालेल्या सायकलींचा कंटेनर लिम्बेच्या बाजारात उघडला, की आठवड्याच्या आत त्यातल्या दोन-तीन तरी त्याच्या निलगिरीच्या झाडाखाली येऊन उभ्या राहत. जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या, एकवीस-एकवीस गिअरच्या. वाढलेल्या केसांकडे न्हावी जसा बघतो तसा बिझविक त्यांच्याकडे बघायचा. आधी हँडलवरचे खटके जायचे, मग केबली, मग मागे लोंबणारा तो स्प्रिंगचा हात, मग पुढच्या तीन चकत्यांमधल्या दोन. सगळं पत्र्याच्या डब्यात. शेवटी उरायची ती एका गिअरची, मुकाट्याने चालणारी सायकल.

त्याचं चुकत होतं असं कुणी म्हणू नये. आमच्याकडच्या रस्त्यांवर तो मागचा नाजूक हात महिनाभरसुद्धा टिकत नाही. एखाद्या दगडाला लागला की वाकतो, वाकला की आऱ्यांत घुसतो, आणि त्याच्या जागी दुसरा आणायचा म्हटलं तर मिळत नाही. कबाझावाल्यांना हे परवडणारं नव्हतं. कॅरिअरवर उशी बांधून दिवसभर माणसं न्यायची-आणायची, त्यावर घर चालवायचं, असा त्यांचा धंदा. त्यांना न मोडणारी सायकल हवी असे आणि ती बिझविक करून देई. चढ आला तर उतरून ढकलायची, त्यात काय. उलट हलक्या गिअरवर भराभरा पाय मारत चढणाऱ्याची सगळे टिंगल करत.

तर लामेक सायकल घेऊन आला तेव्हा झाडाखाली चार कबाझावाले बसलेले होते, आणि पुढे जे झालं त्यात त्या चौघांच्या बसण्याचाही वाटा आहे.

लामेक हा बिझविकच्या भाचीचा, म्हणजे त्याची बहीण एलुबी हिच्या मुलीचा, ट्रिझाचा नवरा. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. स्वतःच्या हातांनी सासरच्या जागेत घर बांधतो, सासूचं शेत खणतो, आणि तोंड बंद ठेवतो. बायको, मुलं, जमीन यांबद्दल काही ठरवायचं झालं तर ते बायकोचा मामा ठरवतो. बहिणी, त्यांच्या मुली, त्या मुलींची मुलं, ही सगळी मिळून मामाची म्बुम्बा, आणि तो तिचा धनी. बिझविक पंचवीस वर्षं आपल्या म्बुम्बाचा धनी होता. त्याचा शब्द खाली पडलेला कुणी पाहिला नव्हता. ही त्याला एक सवयच होऊन गेली होती.

"मामा, पुढचं सगळं काढून टाका," लामेक म्हणाला. तो उकिडवा बसूनच बोलत होता, मामापुढे उभं राहून बोलायचं नसतं म्हणून. "फक्त मागचे दोन-तीन गिअर राहू द्या. ट्रिझाला पाचवा महिना आहे. दवाखान्यात न्यायचं तर चिटुंड्याचा चढ आहे. तिला मागे बसवून चढायचं म्हणजे हलका गिअर लागेल."

"का? आमच्या एलुबीची मक्याची न्सिमा पोटात जात नाही वाटतं?" बिझविक म्हणाला. "ताट तर चाटूनपुसून लख्ख करता जावईबुवा. पायात का उतरत नाही ती?"

चौघं कबाझावाले हसले. त्यातला एक म्हणाला, "मामा, त्याला बायकांच्या सायकलीचा गिअर बसवून द्या."

लामेकही हसला. घरजावयाला हसता आलंच पाहिजे. पण सायकलवरचा हात त्याने काढला नाही. "तेवढे दोन राहू द्या मामा," तो परत म्हणाला.

"हे बघ, अर्धवट कामं मी करत नाही. ठेव सायकल."

बिझविकने सायकल उलटी केली आणि कामाला लागला. खटके गेले, केबली गेल्या. मग मागच्या चाकाशी आल्यावर त्याचा हात थांबला. आजवरच्या सायकलींना मागच्या चकत्यांचा गड्डा आट्यांवर बसवलेला असे. पाना लावायचा, फिरवायचा, निघाला. त्या जागी भारतातून येणाऱ्या काळ्या सायकलीचं एकच फ्रीव्हील बसवायचं की काम झालं. हा गड्डा मात्र वेगळाच होता. खाचांवर सरकवलेला आणि वरून आत दाते असलेल्या एका कडीने बंद केलेला. बिझविकचा पाना त्या कडीत बसेना. त्याने चाक दोनदा उलटंसुलटं करून बघितलं.

हे कसं उघडतं ते मला ठाऊक नाही, बघून सांगतो, एवढं म्हणायचं होतं. लिम्बेत एक-दोघांकडे ते हत्यार होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण झाडाखाली चार जण बसले होते आणि समोर घरजावई होता. बिझविकच्या जिभेवर ते वाक्य कधी आलेलंच नव्हतं, ते त्या दिवशी कुठून येणार.

त्याने गड्डा तसाच ठेवला. सातही चकत्या जागच्या जागी. पुढच्या चकतीशी सरळ रेषेत येणारी मधली एक त्याने धरली आणि चेन तेवढ्यापुरती तोडून जोडली. या सायकलीचं मागचं चाक खालून वर बसणाऱ्या खाचेत होतं, त्यामुळे मागे ओढून चेन ताणायची सोय नव्हती. म्हणून त्याने ती अगदी मापात तोडली. एक कडीसुद्धा सैल नाही. पॅडल फिरवलं, चाक सुंदर फिरलं. थोडी कटकट ऐकू आली, पण ती नव्याने जोडलेल्या चेनची असते.

"घे. आता म्हातारा होईपर्यंत बघायला नको," तो म्हणाला.

ही युक्ती त्याला स्वतःला इतकी आवडली, की त्याच कंटेनरमधल्या आणखी तीन सायकली महिनाभरात आल्या तेव्हा त्याही त्याने तशाच करून दिल्या.

लामेक तीन आठवड्यांनी परत बोलला. दुपारची वेळ होती. एलुबीच्या अंगणात बिझविक जेवायला बसला होता. त्याचं जेवण रोज बहिणीकडेच असे. एलुबी न्सिमाचा दुसरा गोळा त्याच्या ताटात ठेवत होती.

"मामा, भार असला आणि चढावर जोर लावला की चेन आपोआप वरच्या मोठ्या चकतीवर चढते," लामेक म्हणाला. "चढली की इतकी ताठ होते की चाकच जाम होतं. परवा एका म्हाताऱ्याला घेऊन पडलो असतो."

"चेनीला काय पाय आहेत चढायला?"

"त्या चकत्यांचे दाते बघा एकदा. तिरके कापलेत. चेन वर उचलायलाच केल्यासारखे."

"झिजलेत ते," बिझविक म्हणाला. "आणि तू पॅडलवर नाचतोस. बसून मारत जा."

घरजावयाने मामाला एक गोष्ट दोनदा सांगायची नसते, आणि त्याची ती खरं तर दोनदा सांगून झाली होती. एलुबीने भावाच्या ताटात पालेभाजी वाढली. तिला गिअरमधलं काही कळत नव्हतं. जावई उलट बोलला एवढं तिला कळलं आणि ते तिला आवडलं नाही.

ट्रिझाला कळा सुरू झाल्या त्या सकाळी, गावात अजून केरवारे चालले असताना. बिझविक तिथेच होता. त्याने स्वतः उशी घट्ट बांधली, दोन्ही टायर दाबून बघितले, आणि भाचीला हाताला धरून कॅरिअरवर बसवलं. ट्रिझा एकवीस वर्षांची होती, हसरी. त्या वेदनेतही ती म्हणाली, "मामा, मी जड झालेय, तुमची सायकल मोडेल."

"मी केलेली सायकल मोडत नाही," बिझविक म्हणाला.

लामेक निघाला. मागून एलुबी आणि शेजारची एक बाई, डोक्यावर कपड्यांची गाठोडी घेऊन, भराभरा चालत गेल्या.

चढाच्या पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या वळणावर, जिथे दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू होतात, तिथे लामेकने जोर लावला आणि चेन चढली. चाक गच्च आवळलं गेलं, सायकल आडवी झाली. ट्रिझाला त्याने पडता पडता धरलं. मग चेन मोकळी करायला म्हणून पॅडलवर पाय दिला तर ती तुटली, आणि तुटलेलं टोक चकती आणि आऱ्यांच्या मध्ये जाऊन बसलं. चाक पुढेही फिरेना, मागेही फिरेना. ढकलायची म्हटली तरी ढकलता येईना. त्याने सायकल चरात टाकली आणि बायकोला पाठीवर घेतलं. दीडशे पावलंही गेला नसेल, तिला राहवेना. एलुबी पोचली तेव्हा चहाच्या दोन ओळींमध्ये मूल झालेलं होतं, मुलगी, आणि ती रडतही होती. थांबत नव्हतं ते रक्त.

खालून येणारी एक कबाझा अर्ध्या तासाने मिळाली. दवाखान्याच्या ओसरीवर ट्रिझा गेली. तिथल्या नर्सने धावपळ केली, जे होतं ते सगळं केलं, आणि मग एलुबीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, तासभर आधी आला असतात तर." असलं वाक्य कुणी कुणाला म्हणू नये. पण तीही बिचारी दमलेली होती.

ट्रिझाला पुरलं त्या संध्याकाळी एका कबाझावाल्याने चरातली सायकल खांद्यावर टाकून आणली आणि निलगिरीखाली ठेवली. बिझविकने एकदाच बघितलं. चेन मधल्या चकतीवरून वरच्या चकतीवर चढून बसली होती, आणि तिथून पुढे तुटली होती. त्याने अंगठा दात्यांवरून फिरवला. झिजलेले नव्हते. एका बाजूने उतरते कापलेले होते, नीट, मशीनवर, एका मापाचे. गिअर बदलताना चेन उचलली जावी म्हणून. लामेकने सांगितलं होतं तसेच.

आसपास कुणी नाही असं बघून त्याने त्या चाकावर पोतं टाकलं.

चौथ्या दिवशी एलुबीच्या अंगणात माणसं जमली. बाळंतपणात बाई गेली की आमच्याकडे विचारणा होते. नवरा त्या महिन्यांत दुसरीकडे गेला असेल तर त्याचा दोष बायकोच्या अंगावर येतो, बाळंतपण कापलं जातं, असं म्हणतात. म्दुलो म्हणतात त्याला. म्हाताऱ्या बायका चटईवर बसल्या होत्या. पुरुष कुडाला टेकून होते. लामेक मधे, उघड्या जमिनीवर.

"आठव्या महिन्यात तू तीन रात्री घरी नव्हतास," एक म्हातारी म्हणाली. "कुठे होतास?"

"मेळा होता आजी, पलीकडच्या बाजारात. भाडी मिळत होती. दुकानाच्या पडवीत झोपत होतो."

"एकटा?"

"आणखी सहा कबाझावाले होते."

"सहा पुरुष सहा पुरुषांची साक्ष देतात. ते आम्हाला सांगू नकोस."

"आजी, चेन अडकली. चाक फिरेना. नाहीतर मी तिला पोचवलं असतं."

"सायकली रोज मोडतात," म्हातारी शांतपणे म्हणाली. "त्याच दिवशी, त्याच वळणावर का मोडली? चेन उगाच तुटत नाही बाबा. तिला कुणीतरी तोडायला लावतं."

अंगणातल्या बायकांनी माना हलवल्या. हे त्यांना पटलं. इतका वेळ एलुबी भिंतीशी बसून होती, मांडीवर ती चार दिवसांची पोर. तिलाही ते पटलं, कारण पटण्यासारखं दुसरं तिच्यापुढे काहीच नव्हतं. उगाच मेली, यापेक्षा कुणामुळे तरी मेली हे बरं वाटतं.

मग सगळे बिझविककडे वळले. म्बुम्बाच्या धन्याने बोलायचं होतं. लामेकनेही वर बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो फक्त वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांकडे बघताना बिझविकला कळलं, की हा स्वतःहून माझं नाव घेणार नाही. मामावर बोट ठेवायचं नाही हे तो पाळणार, आणि मी बोलेन यावर त्याचा अजून विश्वास आहे.

बोलायचं ठरवूनच तो त्या दिवशी अंगणात आला होता. शपथेवर सांगायला हरकत नाही. सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण कुडाला टेकून तेच चार कबाझावाले उभे होते. पंचवीस वर्षं हे सगळे आपल्या तोंडाकडे बघून गप्प बसले, आणि आता आपण म्हणायचं की मला ती कडी उघडता आली नाही म्हणून भाची मेली. जुळवलेलं वाक्य बाजूला राहिलं आणि बाहेर भलतंच आलं.

"या गोष्टी बायकांना जास्त कळतात," तो म्हणाला. "त्या म्हणतील ते माझं म्हणणं."

एवढंच. खोटं असं तो काही बोललाच नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला.

म्हाताऱ्या बायकांनी मग सांगायचं ते सांगितलं. लामेकने आपली चटई घेऊन आपल्या आईच्या गावी जावं. मूल आईच्या रक्ताचं, ते इथेच राहील. लामेक उठला, आणि निघण्याआधी मुलीला बघायला म्हणून एलुबीजवळ गेला. एलुबीने पोरीवर कापड ओढलं आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने तोंड पुसलं नाही. तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निलगिरीखाली आला. जाणाऱ्या जावयाने बायकोच्या मामाचा निरोप घ्यायचा असतो, अपमान होऊन जाणाऱ्यानेसुद्धा. खांद्यावर गुंडाळलेली चटई होती. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळवे हळू वाजवले, रीतीप्रमाणे.

"मामा, तीन वर्षं तुमच्यात राहिलो. जेवू घातलंत. निघतो."

"हं," बिझविक म्हणाला. त्याच्या हातात पाना होता आणि तो कशालाच लावलेला नव्हता.

"सायकल राहू दे. मला नको."

"बरं."

लामेक लगेच उठला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "मामा, आणखी तिघांच्या सायकलींना तुम्ही तशीच चेन लावलीय. तेवढ्या सोडवा. त्यातला एक आपली दोन पोरं बसवून शाळेत नेतो."

बिझविकला वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"सोडवतो," तो म्हणाला.

"मग मी निघतो."

तो गेला. नदीपलीकडची वाट, पायी दीड दिवसाची. बिझविकने त्याला थांबवलं नाही. रस्त्यावरून तो दिसेनासा होईपर्यंत थांबवता आलं असतं, आणि तो रस्ता बराच लांबवर दिसतो.

शब्द मात्र त्याने पाळला, एवढाच एक. त्याच दिवशी त्याने पोतं काढलं आणि लामेकच्या सायकलचं चाक मांडीवर घेतलं. हत्यार नव्हतंच. त्याने जुनी छिन्नी कडीच्या दात्यांत तिरकी धरली आणि हातोडीने हलके ठोके देत कडी फिरवली. आठव्या का नवव्या ठोक्याला ती सुटली. चकत्या एकेक करून हातात आल्या. मग एकच चकती ठेवायची, दोन्ही बाजूंना पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे कापून भरायचे, म्हणजे चेनीला चढायला शेजारी काही उरत नाही. आणि डब्यातला तो टाकून दिलेला स्प्रिंगचा हात खाली आवळून बसवायचा, चेन ताणून धरायला. अर्ध्या तासाचं काम होतं. बिझविक ते पुरं झालेलं चाक धरून बराच वेळ बसून राहिला.

मग त्याने तिघांना निरोप धाडले. ते एकेक करून आले. "काय झालं मामा?" "काही नाही. नवीन पद्धत आलीय. करून देतो." पैसे किती घेणार, तर काही नाही. दोघांच्या सायकली झाल्या, आणि बाजारात बोलणं सुरू झालं, की बघा, घरात एवढं झालं, भाचीच्या थडग्यावरची माती वाळली नाही, आणि हा माणूस लोकांच्या सायकली फुकट नीट करून देतोय. एक जण तर येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेऊन गेला. बिझविकने हात काढून घेतले नाहीत.

तिसरी सायकल उघडलेली असताना एलुबी आली. पाठीला पोर बांधलेली, हातात झाकलेलं ताट. लामेक जाऊन आठ दिवस झाले होते. बिझविक जेवायला येईनासा झाला होता, म्हणून ती रोज ताट इथे आणून द्यायची. तिने ताट ठेवलं, पण नेहमीसारखी परतली नाही. जमिनीवर फडकं पसरून त्यावर त्याने चकत्या काढून ठेवल्या होत्या, लहान-मोठ्या. ती त्या बघत राहिली.

"दादा, या तिघांनाच का बोलावलंत?" तिने विचारलं.

"त्यांच्या सायकलींत थोडं काम होतं."

"ट्रिझा बसली त्या सायकलला पण हेच होतं ना?"

बिझविकने छिन्नी उचलली, खाली ठेवली.

"मी चरात उतरले होते दादा," एलुबी म्हणाली. "आधी सायकलच दिसली मला, पोर नंतर दिसली. चेन वरच्या मोठ्या चकतीवर चढून बसली होती. मी ओढून बघितली, हलेना. तेव्हा काही कळलं नाही. काल रात्री पोर झोपेना तेव्हा आठवलं. अंगणात जेवताना तो तुम्हाला म्हणाला होता. चेन वर चढते म्हणाला होता. तुम्ही म्हणालात, तिला काय पाय आहेत."

निलगिरीखाली त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. खोटं बोलायला याहून सोयीची वेळ मिळाली नसती. पण बिझविकच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "तेच होतं. मला ती कडी उघडता येत नव्हती. मी तशीच लावली."

"लामेकचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"अंगणात तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

एलुबी खाली बसली. रडली नाही. पाठीवरची पोर कुरकुरली तसा तिचा हात आपोआप मागे जाऊन थोपटू लागला. मग ती बोलली, अगदी साध्या आवाजात.

"मी त्याच्या तोंडावर थुंकले. त्याने पोर झेलली होती, स्वतःचा शर्ट फाडून गुंडाळली होती. मला दिसलं होतं ते. आणि मी थुंकले."

"मी जातो," बिझविक म्हणाला. "मी आणतो त्याला परत. सगळ्यांसमोर सांगतो."

"आणू नकोस. तो येणार नाही, आणि त्याने येऊही नये." ती उठली, कापडाची गाठ परत घट्ट केली. "पोरीला घेऊन मी जाते. तिच्या बापाने तिला धड बघितलेलीसुद्धा नाही. त्याच्या आईला मी सांगते काय झालं ते. पोर कुठे राहील ते तो आणि मी ठरवू."

म्बुम्बातलं मूल कुठे राहील हे मामाशिवाय कुणी ठरवल्याचं बिझविकने जन्मात ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "दीड दिवसाची वाट आहे. लहान पोर आहे. सायकलवर बस, मी नेतो. सगळी नीट केलीय, आता चेन..."

"तुझ्या सायकलवर मी बसणार नाही," एलुबी म्हणाली.

ती रस्त्याला लागली. ताट तिथेच राहिलं, न्सिमावर साय धरायला लागली होती. बिझविक उभा राहिला. तिसऱ्या सायकलचा मालक येणार होता, चाक उघडं पडलं होतं. त्याने हात पुसले, चाकाकडे बघितलं, आणि मग ते तसंच टाकून तिच्या मागे निघाला. ती चालत होती तितकंच भराभरा, पण बरंच अंतर ठेवून. बाजारातले लोक दुकानांतून बघत होते. कुणीतरी विचारलं, "मामा, पायी कुठे निघालात?"

"लामेककडे," तो म्हणाला. "ट्रिझा माझ्या चेनमुळे मेली. ते सांगायला."

विचारणारा हातातला कप तसाच धरून उभा राहिला. एलुबीने मागे वळून बघितलं नाही. ये म्हणाली नाही, परत जा असंही म्हणाली नाही. पुढच्या दुकानाशी आणखी कुणी तेच विचारलं, आणि बिझविकला ते परत सांगावं लागलं.